गोलावरील रेषा : पंडिता रमाबाईंच्या पृथ्वीप्रदक्षिणेचे एक वाचन

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेल्या वर्षी एक पृथ्वीगोल पाहण्यात आला. लाकडी चौकटीत बसविलेला, समुद्र चहाच्या पाण्यासारखे पिवळसर, कडेला शिडांची गलबते, एका कोपऱ्यात माशाच्या शेपटीचा राक्षस. विक्रेत्याने तो 'अँटिक' असल्याचे सांगितले आणि वरचा अर्धगोल उचलून आत बाटल्या ठेवण्याची सोय दाखविली. गोल अर्थातच नवा होता. 'मेड इन यू.एस.ए.' याचा विग्रह 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा करणाऱ्या गावात याचे कोणाला आश्चर्य वाटणार नाही. आश्चर्य वाटले ते वेगळ्या गोष्टीचे. नकली जुनेपणा आणताना कारागिराने देशांच्या सीमा चुकविल्या होत्या, नावे गाळली होती. पण अटलांटिकमधून निघून दक्षिण अमेरिकेला वळसा घालणारी, पॅसिफिक ओलांडून पुन्हा युरोपात जाणारी तुटक रेषा मात्र त्याने कटाक्षाने काढली होती. जुना गोल म्हटला की त्यावर कोणाची तरी सफर असलीच पाहिजे, ही समजूत इतकी रुजलेली आहे.

प्रस्तुत लेखात या रेषेचा विचार करावयाचा आहे. पृथ्वीगोल हे भूगोलाचे साधन आहे, परंतु ज्या क्षणी त्यावर एखाद्या प्रवासाचा मार्ग कोरला जातो त्या क्षणी तो एक कथनही होतो. त्याला आरंभ असतो, शेवट असतो, नायक असतो आणि गाळलेला मजकूर असतो. या दृष्टीने गोल वाचता येतो. आणि तसा तो वाचू लागले की एक प्रश्न उभा राहतो : मराठी भाषेत लिहिणाऱ्या एका स्त्रीने एकोणिसाव्या शतकात पृथ्वीभोवती पूर्ण फेरी मारली, तिची रेषा आपल्या वाङ्मयविचाराच्या गोलावर का उमटली नाही?

खिशातला गोल

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात सुमारे तीन इंच व्यासाचे, खिशात मावणारे पृथ्वीगोल तयार होत असत. छापील कागदाच्या संत्र्याच्या फोडीसारख्या पट्ट्या लगद्याच्या चेंडूवर चिकटवून हा गोल बनविला जाई. त्याची डबी माशाच्या खरखरीत कातड्याने मढविलेली असे आणि झाकण उघडले की आतल्या पोकळीत नक्षत्रांचा नकाशा दिसे. पृथ्वी मुठीत आणि आकाश झाकणात! १७५४ साली नॅथॅनिएल हिल याने काढलेल्या अशा गोलावर कमोडोर जॉर्ज ॲन्सन याच्या प्रदक्षिणेचा मार्ग दाखविला आहे. ही सफर १७४० ते १७४४ या काळातील. पुढे कुकच्या सफरी आल्या आणि ॲन्सनच्या जोडीने किंवा त्याच्या जागी कुकचे नाव आले. कॅरी या प्रसिद्ध गोलकारांच्या मोठ्या गोलांवर तर शीर्षकातच कुक, व्हँकुव्हर आणि ला पेरूझ यांच्या मार्गांचा उल्लेख असे. कुक ज्या हवाई बेटावर १७७९ मध्ये मारला गेला त्या ठिकाणाची नोंदही अनेक गोलांवर आढळते. गोल येथे स्मारकशिळेचे काम करतो.

ॲन्सनच्या रेषेवर क्षणभर थांबले पाहिजे. सप्टेंबर १७४० मध्ये त्याच्याबरोबर सहा युद्धनौकांवर सुमारे १९०० माणसे निघाली. १७४४च्या जूनमध्ये 'सेंच्युरियन' हे एकच जहाज परत आले आणि त्यावर मूळच्या माणसांपैकी १८८ जण होते. बाकीच्यांपैकी बहुसंख्य रोगराईने, विशेषतः स्कर्व्हीने मेले. वाटेत मॅनिलाचे एक स्पॅनिश खजिन्याचे जहाज हाती लागले होते. त्यातील चांदी ३२ गाड्यांतून लंडनमधून मिरवीत नेण्यात आली. जेम्स लिंड याने स्कर्व्हीवरील आपला ग्रंथ १७५३ साली प्रसिद्ध केला तो ॲन्सनलाच अर्पण केला. म्हणजे हिलचा गोल बाजारात येण्याच्या आदल्याच वर्षी त्या सफरीतील मरणांची मीमांसा छापून झाली होती. गोलावर मात्र केवळ ठिपके आहेत, आणि ते सर्वत्र सारख्या जाडीचे आहेत. केप हॉर्नजवळ माणसे दररोज समुद्रात लोटली जात होती तेथेही ठिपके तेवढेच, आणि चांदी मिळाली तेथेही तेवढेच. रेषेला दुःख नसते आणि रेषेवर नाव एकाचेच असते.

हीच गोष्ट पहिल्या प्रदक्षिणेची. मॅगेलन १५२१ मध्ये मॅक्टन बेटावर मारला गेला. फेरी पुरी केली ती एल्कानो याने, १८ माणसांनिशी, सप्टेंबर १५२२ मध्ये. सम्राट पाचव्या चार्ल्सने एल्कानोला जे कुलचिन्ह दिले त्याच्या शिरोभागी पृथ्वीगोल आहे आणि त्यावरील लॅटिन वाक्याचा अर्थ असा की, 'तू मला प्रथम वेढलेस.' येथे बोलणारी पृथ्वी आहे, आणि ती आपल्याला वेढणाऱ्याला प्रशस्तिपत्र देते आहे. स्मारक-गोलाचे सारे व्याकरण या एका वाक्यात सापडते. तरीही लोकांच्या तोंडी नाव राहिले ते मॅगेलनचेच. आणि मॅगेलनचा मलाक्काहून आणलेला गुलाम एन्रिके, जो पश्चिमेकडून फिरत फिरत आपली भाषा समजणाऱ्या माणसांपर्यंत बहुधा सर्वांआधी पोहोचला, त्याला कोणत्याच गोलावर जागा मिळाली नाही.

दोन्ही सफरींबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. पृथ्वीला वळसा घालणे हा दोन्हींचा हेतू नव्हता. मॅगेलनला मसाल्याची बेटे पश्चिमेकडून गाठावयाची होती. ॲन्सनला स्पेनच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील मुलखास त्रास द्यावयाचा होता. परतण्याची सोय ज्या वाटेने झाली त्या वाटेने ते परतले. त्यांच्या मार्गाला 'प्रदक्षिणा' केले ते नंतर, ज्यांनी तो मार्ग गोलावर काढला त्यांनी. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

प्रदक्षिणा या शब्दाचा विचार

मराठीत या क्रियेला आपण सहज 'पृथ्वीप्रदक्षिणा' म्हणतो. या शब्दामागे जी गोष्ट उभी आहे ती घरोघरी सांगितली जाते. कार्तिकेय आणि गणपती यांच्यात पैज लागते. कार्तिकेय मोरावर बसून खरोखरच पृथ्वीला फेरी मारावयास जातो, गणपती आईबापांभोवती फिरतो आणि जिंकतो. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आपण गणपतीच्या बाजूचे असतो. पण प्रवासवाङ्मयाच्या अभ्यासकाने एकदा तरी ती कार्तिकेयाच्या बाजूने वाचावी. जो प्रत्यक्ष हिंडला तो परत आला तेव्हा फळ वाटून झाले होते. त्याने वाटेत काय पाहिले हे कोणी विचारले नाही. ज्या संस्कृतीत समुद्रगमनाला प्रायश्चित्त होते तिने ही गोष्ट इतक्या आवडीने का सांगितली, हे समजण्याजोगे आहे.

पृथ्वी गोल आहे हे येथे ठाऊक नव्हते असा याचा अर्थ नाही. भास्कराचार्यांचा 'सिद्धान्तशिरोमणि' ११५० मधील; त्यातील गोलाध्यायात पृथ्वीचे गोलत्व, ती सपाट का भासते याचे कारण आणि पलीकडच्या बाजूची माणसे खाली का पडत नाहीत याचे विवेचन आहे. लंकेत सूर्योदय होतो तेव्हा यमकोटीत मध्यान्ह, सिद्धपुरात सूर्यास्त आणि रोमकपत्तनात मध्यरात्र असते, ही विषुववृत्तावरील चार नगरांची योजना कोणत्याही आधुनिक कालविभागाइतकीच नेटकी आहे. त्या चार नगरांमधून कोणी प्रवास मात्र केलेला नाही. हा गोल गणिताचा आहे, पायांचा नाही.

तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या नावावरील 'देवेंद्र कोरवंजी' या मराठी नाटकात जगाचा भूगोल पदांमधून सांगितला आहे. भूगोल सांगते ती कोरवंजी, म्हणजे गावोगाव हिंडून भविष्य सांगणारी डोंगरी स्त्री. श्वार्ट्झसारख्या मिशनऱ्याच्या हाताखाली शिकलेल्या राजाने युरोपीय भूगोलाचे ज्ञान मराठीत आणताना ते पंडिताच्या मुखी घातले नाही, भटक्या बाईच्या मुखी घातले. ही निवड दाक्षिणात्य नाट्यप्रकाराच्या संकेतामुळे झाली हे खरे. पण संकेतही कधीकधी लेखकापेक्षा अधिक जाणतात.

आता दिशेबद्दल. प्रदक्षिणा म्हणजे पूज्य वस्तू उजव्या हातास ठेवून फिरणे. पृथ्वीवरच फिरणाऱ्याने उजव्या हातास काय ठेवावयाचे? पुराणांच्या हिशेबात मेरू उत्तरेस आहे आणि सूर्य त्याला उजवीकडे ठेवून पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो. तेव्हा उत्तर गोलार्धात जो पश्चिमेकडे तोंड करून फिरेल त्याचीच प्रदक्षिणा शास्त्रशुद्ध. पूर्वेकडे निघालेल्याची ती उलटी. ज्यूल व्हर्नचा फिलिअस फॉग पूर्वेकडे गेला आणि एक दिवस कमावून बसला, ती उलटी. विवेकानंद ३१ मे १८९३ रोजी मुंबईहून निघून जपानमार्गे अमेरिकेस गेले आणि १८९७ मध्ये युरोपमार्गे परतले, त्यांचीही उलटी. सुलटी प्रदक्षिणा घातली ती, ज्यांना सनातन्यांनी धर्मबाह्य ठरविले त्या रमाबाईंनी.

रमाबाईंचे वर्तुळ

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. त्या प्रवासाचा वृत्तान्त 'इंग्लंडचा प्रवास' या नावाने त्याच वर्षी मुंबईत छापला गेला. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. वाँटेज आणि चेल्टनहॅम येथील वास्तव्यानंतर फेब्रुवारी १८८६ मध्ये त्या लिव्हरपूलहून फिलाडेल्फियाला निघाल्या. निमित्त होते ११ मार्च १८८६ रोजी होणाऱ्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. थोड्या दिवसांसाठी गेलेल्या रमाबाई अमेरिकेत अडीच वर्षांहून अधिक राहिल्या. व्याख्याने दिली, बालोद्यान पद्धती शिकल्या, 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक लिहिले आणि डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या द्वारे विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षांच्या मदतीची हमी मिळविली. या असोसिएशनच्या गावोगावच्या मंडळांना 'रमाबाई सर्कल' म्हणत. १८८८च्या अखेरीस त्या सॅन फ्रान्सिस्कोहून निघाल्या आणि जपान, हाँगकाँग या मार्गाने फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबईस पोहोचल्या. ११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीदानास बरोबर तीन वर्षे होत असताना, शारदा सदन उघडले. त्याच वर्षी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध झाले.

सुमारे पावणेसहा वर्षांत एक वर्तुळ पूर्ण झाले होते. त्याच १८८९च्या नोव्हेंबरात अमेरिकन वार्ताहर नेली ब्लाय पृथ्वीला फेरी मारावयास निघाली आणि ७२ दिवसांत परतली. तिच्या वर्तमानपत्राने तिच्या मार्गावर सोंगट्यांचा खेळ छापला. रमाबाईंच्या वर्तुळावर कोणी खेळ छापला नाही, गोल तर दूरच. ब्लायच्या फेरीत फेरी हेच प्रयोजन होते. रमाबाईंच्या फेरीत शाळा हे प्रयोजन होते आणि फेरी झाली ती कामाच्या ओघात. पण वर पाहिलेच आहे की, ॲन्सनची फेरीही कामाच्या ओघातच झाली होती. मार्गाला वर्तुळ म्हणून ओळखणे हे प्रवाशाचे नव्हे, वाचकाचे काम आहे. ते इंग्रज गोलकारांनी केले, मराठी समीक्षेने केले नाही.

असे का झाले? याचे एक कारण पुस्तकाच्या नावातच आहे. तेथे 'लोकस्थिती' आधी आहे, 'प्रवासवृत्त' नंतर. पृथ्वी नाही आणि प्रदक्षिणाही नाही. पहिल्या प्रकरणात लिव्हरपूल ते फिलाडेल्फिया हा प्रवास येतो आणि पुढे लेखिका राज्यपद्धती, गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ व परोपकार, स्त्रियांची स्थिती अशा विषयांत शिरते. स्वतःबद्दल ती फारच थोडे बोलते. आपल्याकडे प्रवासवर्णनाची कसोटी पुढे जी ठरली ती अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) पासून आणि पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई' (१९६०) पासून : प्रवासी दिसला पाहिजे, त्याची वृत्ती रंगली पाहिजे, माहितीचे ओझे होता कामा नये. या कसोटीने रमाबाईंचे पुस्तक माहितीपर ठरते आणि बाजूला ठेवले जाते. ही कसोटी चुकीची आहे असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. ती अपुरी आहे. जिच्या प्रत्येक वाक्याकडे 'ही बाटलेली बाई' म्हणून पाहिले जाणार होते, तिने स्वतःला मजकुरातून मागे घेणे ही अलिप्तता नव्हे. ते धोरण आहे. अमेरिकेतील स्त्रियांनी काय उभारले हे सांगताना ती 'मी' बाजूला ठेवते, कारण 'मी' आले की वाद धर्मांतराचा होतो आणि शाळा मागे पडते.

दुसरे कारण असे की, रमाबाईंचे आयुष्य ज्यांनी ज्यांनी वाचले त्यांनी ते तुकड्यांत वाचले. दे. ना. टिळक यांचे 'महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई' (१९६०) हे चरित्र, मीरा कोसंबी यांचे २००३ मधील इंग्रजी भाषांतर व प्रस्तावना ही मोलाची कामे आहेत. आज रमाबाई अभ्यासक्रमात आहेत त्या अशांच्या कष्टांमुळे. तथापि इंग्लंड म्हणजे धर्मांतर, अमेरिका म्हणजे स्त्रीसंघटना, मुंबई-पुणे म्हणजे शारदा सदन आणि १८९३ चा वाद, अशी वाटणी होऊन बसली आहे. या वाटणीत पॅसिफिक महासागर कोणाच्याच वाट्याला येत नाही. तो भाग केवळ 'त्या परत आल्या' या तीन शब्दांत उरकला जातो. आणि 'परत आल्या' म्हटले की मार्ग सरळ रेषेचा होतो : गेली पश्चिमेला, आली पश्चिमेहून. सरळ रेषेला दोनच टोके असतात, म्हणून प्रश्नही दोनच उरतात. जाताना कोण होती आणि येताना कोण झाली. प्रायश्चित्ताचा विचारही नेमका असाच चालतो.

वर्तुळ म्हणून वाचले तर दुसरेच काही दिसू लागते. रमाबाईंनी अमेरिका पाहिली ती इंग्लंड पाहून झाल्यावर, आणि तीही वसाहतीतील प्रजा म्हणून. त्यामुळे त्यांच्या पुस्तकात अमेरिका म्हणजे इंग्लंडच्या राज्यातून स्वतःच्या बळावर सुटलेला देश आहे. राजाशिवाय चालणाऱ्या राज्याचे वर्णन त्या ज्या आस्थेने करतात तिचा रोख मुंबईच्या वाचकाकडे आहे. इंग्लंडहून थेट परतणाऱ्याला हा तिसरा बिंदू मिळाला नसता. तुलना दोन बिंदूंत झाली की एक वरचा आणि एक खालचा ठरतो. तिसरा बिंदू आला की उतरंड मोडते. एकोणिसाव्या शतकातील मराठीत अमेरिकेला 'पाताळ' म्हणण्याची रीत होती, म्हणजे जमिनीच्या खालचा लोक. पाताळात उतरलेला माणूस त्याच भोकातून वर येतो. रमाबाई दुसऱ्या बाजूने बाहेर आल्या.

या पुस्तकाच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. अमेरिकेतील मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय, गुलामगिरी, कृष्णवर्णीयांविषयीचा द्वेष यांवर रमाबाई स्पष्ट लिहितात, कोलंबसाच्या चुकीने पडलेल्या नावाचाही समाचार घेतात. पण एकंदर चित्र उजळ आहे, आणि काही ठिकाणी ते मदत करणाऱ्यांविषयीच्या कृतज्ञतेने उजळले आहे. ज्या संघटनांनी पैसे जमविले त्यांच्याकडे पाहताना त्यांची लेखणी मऊ होते. शिवाय पुस्तकाचा भार अमेरिकेवर असल्याने, आशियाच्या किनाऱ्याने परतताना जी दुसरी तुलना शक्य होती ती पुस्तकाचा कणा होत नाही. वर्तुळ त्यांच्या पायांनी पूर्ण केले, ग्रंथाने पूर्ण केले नाही. ही उणीव मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की, 'प्रवास' या शब्दाला मराठी गद्यात १८८९ साली जो घेर मिळाला होता तो पुढे पुष्कळ वर्षे कमीच होत गेला.

हे रमाबाईंना साधले याचे मूळ बहुधा त्यांच्या बालपणात आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थांमागून तीर्थे हिंडत होते. पुराणे सांगत, पायी चालत, शेवटी १८७०च्या दशकातील दुष्काळात आईबाप गमावून. ज्या मुलीचे घरच मुळी वाटेवर होते तिला निघणे आणि परतणे यांत फार मोठा भेद वाटला नसावा. सरफोजींच्या कोरवंजीचे काल्पनिक पाय येथे खऱ्या बाईला मिळाले.

कल्याण जंक्शन

आमच्या भागाचा या विषयाशी संबंध काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. संबंध आहे, आणि तो व्हर्नने अभावितपणे लिहून ठेवला आहे. 'ऐंशी दिवसांत जगाची सफर' ही कादंबरी १८७२ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. त्यात मुंबईहून निघालेली फॉगची गाडी कल्याणला पोहोचते तेव्हा लेखक सांगतो की, येथून एक फाटा खंडाळा-पुण्याकडे जातो. हा फाटा म्हणजेच अंबरनाथ आणि बदलापूर. १२ मे १८५६ रोजी कल्याण ते खोपोली मार्ग सुरू झाला होता. फॉग त्या फाट्याने गेला नाही. जागतिक कथेची रेषा आमच्या बाजूने ईशान्येला निघून गेली आणि आम्ही तिच्या उजव्या हाताला राहिलो. नकाशावर 'शाखा' असणे म्हणजे काय, हे रोज सकाळी कल्याणपुढच्या लोकलमध्ये उभे राहणाऱ्यास वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

त्याच कल्याणात, फॉगच्या जन्माआधी सात वर्षे, ३१ मार्च १८६५ रोजी आनंदीबाई जन्मल्या. त्यांच्यासाठी रमाबाई अटलांटिक ओलांडून गेल्या, म्हणजे वर्तुळाचा दुसरा कंस कल्याणच्या मुलीमुळे काढला गेला. आनंदीबाई त्याच वर्षी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. त्यांची रेषा अर्ध्यावर थांबली. 'आनंदी गोपाळ' (१९६८) या श्री. ज. जोशी यांच्या कादंबरीने ती मराठी घराघरांत पोहोचविली. कल्याण स्थानकातून रोज जाणाऱ्या किती जणांना ती येथून सुरू झाली हे ठाऊक आहे, हा प्रश्न वेगळा.

आणि उल्हासनगर तर रेषांचेच गाव. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत ठेवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी वसाहतीचे नामकरण झाले, पण पत्त्यात अजून 'कॅम्प नंबर' आहे. कराचीहून बोटीने मुंबईस आलेल्या त्या माणसांचा मार्ग कोणत्या गोलावर काढावा? वर्गात हा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला तेव्हा प्रस्तुत लेखकाजवळ तयार उत्तर नव्हते. ज्या प्रवासाला परतीचा कंस नाही, त्याला स्मारक-गोलाच्या व्याकरणात जागाच नाही, एवढेच सांगता आले.

शुक्रावरची नावे

गोलावर मराठी स्त्रियांची नावे अजिबात नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. ती आहेत, पण दुसऱ्या ग्रहाच्या गोलावर. शुक्रावरील मोठ्या विवरांना ख्यातनाम स्त्रियांची नावे देण्याचा आंतरराष्ट्रीय खगोलीय संघाचा संकेत आहे. त्यानुसार तेथील एका विवराचे नाव आनंदीबाईंवरून 'जोशी' असे आहे. दुसऱ्या एकाचे नाव 'मेधावी'. हे मेधावी म्हणजे रमाबाई. १८८० मध्ये त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला, ते १८८२ मध्ये वारले. महाराष्ट्र रमाबाईंना या आडनावाने ओळखतच नाही. शुक्राचा गोल हाती घेतलेल्या मराठी वाचकाचे बोट त्या नावावरून न थांबता पुढे जाईल. शुक्राचा पृष्ठभाग १९९०च्या दशकात रडारने बारकाईने टिपला त्या यानाचे नाव होते मॅगेलन. योगायोगाला कधीकधी समीक्षकापेक्षा अधिक विनोदबुद्धी असते.

पृथ्वीवरच्या रेषांकडे परत यावयाचे तर, ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात नौदलातील दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीला फेरी मारली. असे करणारे ते पहिले भारतीय. नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली होती आणि नाव त्या नदीचेच होते. मोहिमेची कल्पना फलटणजवळच्या विंचुर्णीत राहणारे निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. मोहिमेला नाव दिले ते 'सागर परिक्रमा', प्रदक्षिणा नव्हे; नर्मदेच्या काठाने चालणाऱ्यांचा तो शब्द आहे. दोंदे पूर्वेकडे गेले, म्हणजे मेरूच्या हिशेबाने उलटे. पण त्यांचा बराच मार्ग दक्षिण समुद्रातून होता, आणि तेथे पूर्वेकडे जाणाऱ्याच्या उजव्या हातास दक्षिण ध्रुव येतो. अंटार्क्टिकाची ती यथाविधि प्रदक्षिणा म्हणावी लागेल. पुढे गोव्यातच बांधलेल्या 'तारिणी'तून २०१७-१८ मध्ये नौदलातील सहा स्त्रियांनी आणि २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी परिक्रमा केली. या मोहिमांचे नकाशे वर्तमानपत्रांत छापून आले, मार्गाची रेषा ठळक होती. त्या निमित्ताने रमाबाईंचे नाव कोणी काढल्याचे वाचनात आले नाही.

गेल्या वर्षी तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांबरोबर एक साधा प्रयोग केला. भूगोल विभागातील गोल उसना आणला आणि त्यावर लाल दोऱ्याने रमाबाईंचा मार्ग चिकटविण्यास सांगितले. मुंबई ते इंग्लंड, लिव्हरपूल ते फिलाडेल्फिया, तेथून सॅन फ्रान्सिस्को, हे भराभर झाले. पाठ्यपुस्तकांत या नावांना जागा होती. पॅसिफिकवर आल्यावर दोरा संपला. मुलांनी अंदाज घेताना तो महासागर मोजलाच नव्हता. मग बदलापूरच्या एका मुलाने पिशवीच्या बंदाचा पांढरा दोरा काढून जपानपर्यंत जोडला, आणि पुढे हाँगकाँगवरून मुंबईपर्यंत. गोल परत करताना भूगोलाच्या सहकाऱ्यांनी दोरे काढून टाकण्यास सांगितले, ते रास्तच होते. लाल दोरा सहज निघाला. पांढऱ्याच्या खालचा डिंक मात्र पुसला गेला नाही; गोल फिरविताना होनोलूलूच्या उत्तरेस तो अजून बोटाला लागतो.